पुरेसं म्हणजे किती? सातारा-सांगलीच्या घरांमधला साधेपणा



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने घराच्या सजावटीवर काय बोलायचं? शंका रास्त आहे. पण घर कसं मांडावं हा प्रश्न थोडा खरवडला, की खाली दुसरा प्रश्न लागतो : पुरेसं म्हणजे किती? आणि हा प्रश्न आमच्या विषयात फार जुना आहे.

शब्दापासूनच सुरुवात करू. सजावटीला संस्कृतात शब्द आहे अलंकार. 'अलम्' आणि 'कृ' यांपासून तो बनला. अलम् म्हणजे पुरेसं, समर्थ. 'आता पुरे' असं सांगायलाही संस्कृतात अलम् हेच अव्यय येतं. तेव्हा अलंकार म्हणजे मुळात वरून चिकटवलेली शोभा नव्हे. एखादी वस्तू तिच्या कामाला पुरी पडेल अशी करणं, तो अलंकार. आनंद कुमारस्वामी यांनी 1939 च्या एका निबंधात हा धागा उलगडून दाखवला आहे. अलंकाराला 'जादा' हा अर्थ नंतर चिकटला, असं त्यांचं म्हणणं. त्याच्या आधी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या आसपास, व्हिएन्नाचा वास्तुकार आडॉल्फ लोस अलंकाराला थेट गुन्हाच ठरवून बसला होता. या दोघांच्या मधे कुठेतरी आपली घरं उभी आहेत. आज ती पाहायची आहेत.

सातारा आणि सांगली एकत्र का घेतले, हेही सांगतो. आजच्या सांगली जिल्ह्यातले बरेच तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यातच होते. मधे मधे सांगली, मिरज, जत, औंध अशा संस्थानांचे तुकडे पसरलेले. संस्थानं विलीन झाल्यावर 1949 मध्ये 'दक्षिण सातारा' असा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे कागदावर दोन जिल्हे, पण घरांचा इतिहास बराचसा एक.

घर आधी, सजावट नंतर, असं नव्हतं

या मुलखात पावसाचा जो फरक आहे, तो आधी लक्षात घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभरएक किलोमीटरवर माण तालुक्यात दहिवडीला जेमतेम पाचशे. त्यामुळे जावळी-पाटणकडे उतरती छपरं, खाली वाकलेल्या वळचणी, गरिबाघरी कारवीच्या कुडाच्या भिंती. आणि माण, आटपाडी, जतकडे जाडजूड मातीच्या भिंती, लहान खिडक्या, वर सपाट माळवद. त्या माळवदावर शाळू वाळायचा, मिरच्या वाळायच्या, उन्हाळ्यात माणसंही झोपायची. घराचा चेहरा असा हवामानाने ठरवलेला. तो कुणी 'डिझाइन' केलेला नाही.

आत या. घर मोजायचं ते खणांत. खांबांच्या दोन ओळींमधली, तुळईने तोललेली जागा म्हणजे खण. 'आमचं पाच खणांचं घर' असं लोक सांगत. चौरस फुटांची भाषा नंतरची. आता पाहा, या मोजणीतच एक गोष्ट दडलेली आहे. घर सांगताना माणूस त्याच्या सांगाड्याचं वर्णन करतो. खांब, तुळई, कडीपाट डोळ्यांसमोर असतात. त्यांना झाकायचं कुणाच्या मनातही येत नाही.

भिंत दोन-अडीच फूट जाड. एवढ्या जाडीत कोनाडा निघतो, दिवा ठेवायला देवळी निघते, दारं लावून फडताळ करता येतं. म्हणजे कपाट भिंतीच्या पोटात गेलं. जमीन मोकळी राहिली. त्या मोकळ्या जमिनीवर दिवसा पाट मांडले की जेवणघर, सतरंजी टाकली की बैठक, रात्री घोंगडी अंथरली की झोपायची खोली. माणदेशातल्या मेंढरांच्या लोकरीची घोंगडी अंथरायला, पांघरायला, पावसात डोक्यावर घ्यायला एकच. खोली रिकामी दिसते, कारण तिला दिवसातून तीन कामं करायची असतात. हा रिकामेपणा सोयीतून आलेला आहे, आवड-निवड तिथे फारशी नव्हती.

स्वयंपाकघरात तांब्या-पितळेची भांडी ठेवायची ती मांडणीवर. चिंचेने घासलेली, ओळीने लावलेली. घरातलं एकमेव 'प्रदर्शन' म्हणायचं तर तेच, आणि त्यातलं प्रत्येक भांडं रोज किंवा सणावाराला खाली उतरणारं.

कुणी म्हणेल, हे गरिबाचं झालं, श्रीमंताचं काय? तर वाईजवळ मेणवलीला जाऊ. कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा आहे. 'स्वदेस' सिनेमा ज्यांनी पाहिला, त्यांनी मेणवलीचा घाट पाहिलेला आहे. मराठी राज्याचा कारभार ज्यांच्या हातात होता त्या माणसाचा हा वाडा. बाहेरून मात्र तो जवळजवळ अबोल. उंच भिंती, भक्कम दरवाजा. आत चौकामागून चौक उलगडत जातात, आणि मग कुठे लाकडावरचं कोरीव काम भेटतं, भिंतींवरची चित्रं भेटतात.

मराठा वाड्यातली नक्षी कुठे असते, हे एकदा नीट पाहा. दाराच्या गणेशपट्टीवर असते. खांबाच्या माथ्यावर, जिथे तुळईचा भार खांबावर उतरतो त्या जोडावर असते. तुळईखालच्या हस्तावर असते. दिवाणखान्यात दोन खांबांमधल्या महिरपीवर असते. म्हणजे जिथे एक गोष्ट संपून दुसरी सुरू होते, जिथे भार हात बदलतो किंवा माणूस आतबाहेर करतो, तिथे सुतार थांबला आणि त्याने फूल कोरलं. बाकी लाकूड साधं रंधलेलं. जोतं काळ्या दगडाचं, घडीव पण बिननक्षीचं. मघाशी अलम् म्हटलं, ते हे. घर ज्या ठिकाणी काम करतं, त्या ठिकाणाला मान दिलेला. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या घरात फरक होताच, प्रचंड होता, पण व्याकरण एकच होतं.

तिथीची सजावट

मग या घरांत रंग नव्हता का? होता की. पण तो तिथीला बांधलेला होता. चैत्रात अंगणात चैत्रांगण, पाडव्याला आंब्याचा टाळा, श्रावणात जिवतीचा कागद, नागपंचमीला भिंतीवर नाग, दसऱ्याला झेंडूचं तोरण. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी तर सगळ्यांना माहीत आहे. पण घरोघरीची नागपंचमी भिंतीवरच्या चार रेघांची असे. सण झाला, तोरण वाळलं, रांगोळी पुसली गेली, भिंत पुन्हा मोकळी.

आम्हाला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे : आपण आज सजावट जागेत करतो, तेव्हा ती काळात होत होती. कायमचं टांगलेलं चित्र महिन्याभरात दिसेनासं होतं. डोळा सरावतो. उलट जी भिंत वर्षातले कितीतरी दिवस मोकळी आहे, तिच्यावर एका सकाळी नाग उमटला की घरातलं लहान पोरसुद्धा थांबून पाहतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हे बदलायला लागलं. पुण्याहून मिरजेकडे रेल्वे आली. मंगलोरला बाझल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला होता. तसली यंत्रावरची, एका मापाची कौलं हळूहळू देशावर पोचली. 1894 मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत निघाला आणि लक्ष्मी-सरस्वती चौकटीत बसून सोप्यातल्या भिंतीवर कायमच्या मुक्कामाला आल्या. मग घरच्यांचे फोटो, मग कॅलेंडर. यात वाईट काही नाही. ज्या घरात कधी चित्र नव्हतं, तिथे चित्र आलं. पण सजावट तिथीवरून उठून भिंतीवर बसली, हा बदल इथला.

निवडलेला साधेपणा

आतापर्यंत सांगितला तो साधेपणा सवयीचा होता. विसाव्या शतकात या दोन जिल्ह्यांत साधेपणा विचारपूर्वक निवडण्याचे काही प्रयोग झाले, आणि ते फारसे सांगितले जात नाहीत.

पहिला किर्लोस्करवाडीचा. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजांनी, भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडलजवळ जागा दिली. 1910 साल. निवडुंग माजलेला माळ. तिथे नांगराचा कारखाना आणि सोबत वसाहत उभी राहिली. लक्ष्मणराव तरुणपणी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून रंगकाम सोडून यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळलेला हा माणूस. रंगापेक्षा रेषेवर, मापावर, सोयीवर भरवसा असणाऱ्याने गाव वसवलं, हा योगायोग आम्हाला अर्थपूर्ण वाटतो. या कारखान्यातून पुढे लोखंडी फर्निचरही निघालं. आणि याच गावातून 'किर्लोस्कर' मासिक, 1930 पासून 'स्त्री', पुढे 'मनोहर' ही मासिकं शंकरराव किर्लोस्करांनी काढली. घरात उजेड, हवा, टापटीप असावी हा विचार मध्यमवर्गीय मराठी घरात रुजवण्यात अशा मासिकांचा मोठा वाटा आहे.

इथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. खुर्ची आली तशी माणसाची नजर दीड फूट वर गेली. जुन्या घरातल्या खिडक्या जमिनीलगत असतात, कारण त्या मांडी घालून बसणाऱ्यासाठी काढलेल्या. खुर्चीवर बसल्यावर त्या खिडकीतून फक्त रस्त्यावरच्यांचे पाय दिसतात! आज जुन्या घरात सोफा आणला की तो नेमका या खिडकीपुढे लागतो आणि खोली अंधारी होते. मग आपण दिवे वाढवतो. दोष ना घराचा ना सोफ्याचा. दोघांची उंची एकमेकांना विचारलेली नाही, एवढंच.

दुसरा प्रयोग खुद्द औंधचा. बाळासाहेब स्वतः चित्रकार, कलासंग्राहक. 1938 मध्ये त्यांनी संग्रहालय उभं केलं. आणि त्याच सुमाराला आपली सत्ता ग्रामपंचायतींकडे सोपवण्यासाठी ते, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन गांधीजींकडे सेवाग्रामला गेले. 1939 च्या जानेवारीत औंधची राज्यघटना जाहीर झाली. सेवाग्रामला हे लोक ज्या कुटींच्या परिसरात बसले, त्या माती, बांबू आणि कौलांच्या. खर्च पाचशे रुपयांच्या आत बसावा अशी गांधीजींची अट होती. मात्र त्या भिंती अगदीच कोऱ्या नाहीत. मीराबेननी ओल्या मातीतच ताडाचं झाड, चरखा असे उठाव काढलेले आहेत. भिंतीचीच माती थोडी वर उचललेली. बाहेरून काही आणलेलं नाही. साध्या सजावटीचं याहून नेमकं उदाहरण आमच्या माहितीत नाही.

औंध संस्थानातच, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळ, 1939 मध्ये स्वतंत्रपूर वसलं. गुन्हेगारांची खुली वसाहत. तुरुंगाच्या भिंतीच काढून टाकलेल्या, आणि कैदी शेती करून कुटुंबासह राहणार. 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा 1957 चा सिनेमा यावरूनच सुचलेला, कथा माणदेशच्या गदिमांची. आमच्या विषयाच्या दृष्टीने पाहा : माणसाला घर दिलं, त्यात ना कुलूप ना पहारा, तर तो कसा राहील? इथे घराचा स्वभाव आणि माणसाचा स्वभाव एकाच वेळी पणाला लागले होते.

साधेपणाची दुसरी बाजू

इथवर ऐकून कुणाला वाटेल, जुनं ते सोनं. थांबा.

साधी भिंत आपोआप साधी राहत नाही. जमीन आठवड्याला सारवावी लागते, भिंतीला पावसाळ्यानंतर पांढऱ्या मातीचा पोतारा द्यावा लागतो, पितळ घासावं लागतं. हे सगळं कुणी केलं? बायकांनी. ओणवं होऊन, गुडघे झिजेपर्यंत. जुन्या घरातली ती प्रसन्न मोकळीक त्यांच्या कष्टांवर उभी होती. शहाबादी फरशी आली तेव्हा पुरुषांना जुन्या जमिनीची हळहळ वाटली असेल, बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. सक्तीचा साधेपणा आणि निवडलेला साधेपणा बाहेरून सारखे दिसतात. आत राहणाऱ्याला फरक कळतो.

आणि उंबरठा. घराचा स्वभाव म्हणताना त्या घराने कुणाला आत घेतलं आणि कुणाला अंगणाबाहेर ठेवलं, हेही त्या स्वभावात मोजायला हवं. साताऱ्याच्या ज्या शाळेत 1900 च्या 7 नोव्हेंबरला भिवा आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं, ती शाळा जुन्या राजवाड्यातली. सुंदर लाकडी खांबांच्या त्या इमारतीत शिरायला त्याला दार मिळालं, पण बसायला गोणपाट घरून न्यावं लागत होतं. पुढे त्याच साताऱ्यात 1924 पासून कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह चालवलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. तिथे सजावट शून्य होती. पण पंगत एक होती. घर म्हणून कोण मोठं, तुम्हीच ठरवा.

वाडे रिकामे झाले

मग ही घरं गेली कुठे? कारणं अनेक आहेत, आणि ती दडवून उपयोग नाही. गांधीहत्येनंतर 1948 मध्ये या भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ही कादंबरी त्याच दिवसांची आहे. कितीतरी कुटुंबं गाव सोडून शहरात गेली. मग कुळकायदा आला, जमीन कसणाऱ्याची झाली. ते न्याय्यच होतं, पण वाड्याची डागडुजी ज्या उत्पन्नातून व्हायची ते संपलं. एका घराचे आठ वारस झाले. 1967 च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, सुमारे 180 माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती अंगावर कोसळतात, हे लोकांनी पाहिलं. 1993 मध्ये किल्लारीने माळवदाच्या वजनाची धास्ती आणखी वाढवली. त्यानंतर कुणी सिमेंटचं घर बांधलं, तर त्याला नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता चित्र असं, की वाडा पडतो, खांब आणि दरवाजे पुण्या-मुंबईच्या जुन्या लाकडाच्या बाजारात जातात, आणि तिथून एखाद्या हॉटेलात किंवा फ्लॅटच्या दिवाणखान्यात 'वाडा लूक' म्हणून उभे राहतात. ज्याच्यावर तुळईच नाही असा खांब! तो काहीही तोलत नाही. मघाचं अलम् आठवा. काम गेलं, उरली ती नुसती शोभा.

आणि जी जुनी घरं उभी आहेत, त्यांचं आपण काय करतो? मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा, वर ऑइलपेंट. अशी भिंत ओल शोषते आणि सोडते, तिचा श्वास त्यावर चालतो. तो कोंडला की पोपडे येतात, मग ते लपवायला प्लायवूड, वर छताला पीओपी. 2005 आणि 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घराघरांत शिरलं. मातीच्या भिंती त्यात कोसळल्या, हे खरं आहे. पण प्लायवूडची कपाटं फुगून फेकून द्यावी लागली, आणि दगडी फरशी पाण्याने धुऊन पुन्हा वापरता आली, हेही खरं आहे. नदीकाठच्या माणसाने घर सजवताना नदीला विचारायला हवं.

मग करायचं काय? जुनं घर असेल, तर सुरुवात काढण्यापासून करावी, आणण्यापासून नव्हे. तुळयांवरचा रंग खरवडा, खाली साग निघतो की काय पाहा. कोनाडे बुजवले असतील तर उघडा. चुन्याच्या भिंतीला चुनाच द्या. खिडकी जमिनीलगत असेल तर तिथे बैठक घाला, सोफा दुसरीकडे. आणि घर 1985 च्या स्लॅबचं असेल, तर त्याला वाडा बनवायला जाऊ नका. त्याची गच्ची, त्याचा उजेड, त्याची मोझेकची फरशी, हा त्याचा स्वभाव. तोही आता चाळीस वर्षांचा झाला, त्यालाही मान आहे. काही नवीन आणण्याआधी एवढंच विचारावं, की ही वस्तू इथे कोणतं काम करणार आहे आणि तिची धूळ कोण पुसणार आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दर वेळी घरातली एकच व्यक्ती असेल, तर तो साधेपणा अजून आपला झालेला नाही.

आज एवढंच. मिरजेकडच्या घरांवर वेळेअभावी बोलायचं राहिलं, ते प्रश्नोत्तरांत घेऊ.